कॉम्प्रेसर अडला? प्रेशर स्विच बदलण्याआधी एवढे तपासा

मोटार गॅरेज, पंक्चरचे दुकान, डेंटिंग-पेंटिंगची शेड, फर्निचर पॉलिश, लोखंडी कपाटांचे रंगकाम या सर्व धंद्यांत आपले असंख्य बांधव आहेत आणि या सर्वांचे काम एका यंत्रावर अवलंबून असते. ते यंत्र म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर. तो नीट चालतो तोवर त्याच्याकडे कोणी पाहत नाही. पण गाडीवर रंगाचा पहिला हात बसलेला आणि दुसरा बाकी असताना तो सुरूच होत नाही, किंवा सुरू झाला तर थांबत नाही, तेव्हा धावपळ होते. मिस्त्री येतो, झाकण उघडून पाहतो आणि म्हणतो, "प्रेशर स्विच गेला." नवा स्विच मिळेपर्यंत तो दोन तारा एकमेकींना जोडून देतो आणि सांगून जातो, "तोवर असेच चालवा. काट्यावर लक्ष ठेवा, हाताने बंद करत जा."

यात दोन चुका आहेत. एक पैशाची आणि दुसरी जिवाची. पैशाची चूक अशी की अनेकदा स्विच चांगला असतो, दोष दुसरीकडेच असतो. नवा स्विच बसवूनही तक्रार तशीच राहते. जिवाची चूक अशी की तारा थेट जोडल्यावर टाकीतील हवा थांबवणारे कोणी उरत नाही. या लेखात दोन्हींचा विचार करू. येथे सांगितलेल्या बऱ्याचशा तपासण्या स्विच न खोलता, केवळ डोळे, कान आणि काटा यांच्या मदतीने करता येतात.

स्विचचे काम काय?

टाकीतील हवा ठरावीक दाबाला पोहोचली की मोटर बंद करणे आणि दाब ठरावीक मर्यादेखाली उतरला की मोटर पुन्हा सुरू करणे, एवढेच प्रेशर स्विचचे काम. स्विचच्या तळाशी बारीक छिद्र असते. त्यातून टाकीतील हवा रबराच्या पडद्याला, म्हणजे डायफ्रॅमला, खालून ढकलते. वरून स्प्रिंग दाबत असते. हवेचा जोर स्प्रिंगपेक्षा वाढला की आतील पॉइंट उघडतात आणि मोटरचा वीजपुरवठा तुटतो. दाब उतरला की स्प्रिंग पॉइंट पुन्हा जोडते.

ज्या दाबाला मोटर बंद होते त्याला कट-आउट म्हणतात आणि ज्या दाबाला सुरू होते त्याला कट-इन. छोट्या एक-स्टेज कॉम्प्रेसरवर साधारणपणे ६ किलोला सुरू आणि ८ किलोला बंद अशी मांडणी असते. दोन-स्टेज कॉम्प्रेसर १० ते १२ किलोपर्यंत जातात. आपण ज्याला किलो म्हणतो तो दर चौरस सेंटीमीटरवरचा जोर. एक किलो म्हणजे सुमारे १४ पौंड, म्हणून ७ किलो म्हणजे साधारण १०० पौंड.

स्विचला आणखी एक छोटे पण महत्त्वाचे काम असते. मोटर बंद होताच "फुस्स" असा दोन-चार सेकंदांचा आवाज येतो. तो बिघाड नव्हे. हेडपासून टाकीपर्यंतच्या पाइपात अडकलेली हवा स्विचखालचा बारीक व्हॉल्व्ह बाहेर सोडतो. त्याला अनलोडर म्हणतात. पाइप रिकामा झाल्यामुळे पुढच्या वेळी मोटर हलकी उचलते. टाकीतील हवा मात्र बाहेर येत नाही, कारण टाकीच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो हवा आत जाऊ देतो, परत येऊ देत नाही. काही मोठ्या यंत्रांत अनलोडर स्विचखाली नसून क्रँकवर किंवा हेडवर असतो, काम तेच.

ही तीन नावे लक्षात ठेवावीत: पॉइंट, अनलोडर आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. ज्या तक्रारी स्विचच्या नावावर खपतात, त्यांपैकी बऱ्याच या तिघांभोवती फिरतात.

हात लावण्यापूर्वी

स्विचच्या झाकणाखाली उघडी वीज असते. सिंगल फेजवर २३० आणि थ्री फेजवर ४१५ व्होल्ट. लिव्हर "बंद" केले म्हणजे वीज गेली असे समजू नये. स्विचपर्यंत येणारी तार जिवंतच असते. प्लग काढावा किंवा मेन स्विच पाडावा आणि मगच झाकण उघडावे. सिंगल फेज मोटरच्या कॅपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही काही काळ भार राहतो, त्याला बोट लावू नये.

स्विच, काटा, सेफ्टी व्हॉल्व्ह किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खोलायचा असेल तर आधी ड्रेन कॉकमधून सगळी हवा सोडावी. काटा शून्यावर आला तरी कॉक उघडाच ठेवावा. भरलेल्या टाकीवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पान्याने सैल केला तर तो गोळीसारखा सुटतो.

पहिली तक्रार : मोटर सुरूच होत नाही

सर्वांत आधी काटा पाहा. टाकीत ७ किलो हवा असेल आणि कट-इन ६ असेल तर मोटर सुरू न होणे हेच बरोबर आहे. थोडी हवा सोडा. काटा ६ च्या खाली येताच मोटर उठली तर काही बिघडलेले नाही.

तरीही उठली नाही तर वीज येते का ते पाहा. फ्यूज उडालेला असतो, एमसीबी पडलेला असतो किंवा स्टार्टरचा ओव्हरलोड रिले सुटलेला असतो. रिले एकदा रीसेट करून पाहायला हरकत नाही, पण तो पुन्हा पुन्हा सुटत असेल तर त्याची सेटिंग वाढवू नका. मोटरला जास्त करंट का लागतो आहे ते शोधा.

आता स्विचची पाळी. वीज तोडा, टाकी रिकामी करा, लिव्हर "ऑटो"वर ठेवा, मोटरकडे जाणाऱ्या तारा सोडवा. मल्टीमीटरने येणारी आणि जाणारी जोडी तपासा. टाकी रिकामी असताना पॉइंट जुळलेले असलेच पाहिजेत, म्हणजे मीटरने आवाज दिला पाहिजे. आवाज आला तर स्विच या बाबतीत निर्दोष आहे. दोष तारेत, कॅपॅसिटरमध्ये किंवा मोटरमध्ये आहे. आवाज आला नाही तर पॉइंट जळले आहेत किंवा त्यांत धूळ, रंगाची पूड अथवा मुंग्या शिरल्या आहेत.

काळे पडलेले पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून काम चालू होते हे खरे. पण पॉइंटवर चांदीचा थर असतो. तो घासला गेला की पॉइंट पूर्वीपेक्षा लवकर जळतात. म्हणून घासलेला स्विच हा पाहुणा समजावा आणि नव्याची सोय करावी.

दुसरी तक्रार : मोटर नुसती घुमते, उचलत नाही

येथे सर्वांत जास्त चुकीचे निदान होते. मोटर "हूं" असा आवाज करते, फिरत नाही आणि थोड्या वेळाने रिले सुटतो. कोणी म्हणतो स्विच गेला, कोणी म्हणतो मोटर गेली.

एक सोपी परीक्षा करा. टाकीतील सर्व हवा सोडा आणि मोटर सुरू करा. रिकाम्या टाकीवर मोटर सहज उचलली, पण दाब असताना उचलत नसेल, तर मोटर चांगली आहे. पाइपातील हवा सुटत नाही म्हणून पिस्टनला सुरुवातीलाच भार ओढावा लागतो. बंद होताना "फुस्स" आवाज येत होता का ते आठवा. येत नसेल तर अनलोडरची बारीक नळी तेलाच्या काजळीने बंद झाली आहे किंवा स्विचखालच्या व्हॉल्व्हची दांडी अडकली आहे. नळी साफ करणे हे काही मिनिटांचे काम आहे.

उलट, रिकाम्या टाकीवरही मोटर घुमतच राहिली तर कॅपॅसिटर, व्होल्टेज किंवा बेअरिंग पाहा. लांबलचक आणि बारीक एक्स्टेन्शन वायरीवर कॉम्प्रेसर चालवणाऱ्यांना हा त्रास नेहमी होतो, कारण उचलतेवेळी मोटर चालू करंटच्या पाच-सात पट करंट घेते आणि बारीक तारेत व्होल्टेज पडते. थ्री फेजवर एक फेज गेला असेल तरी मोटर अशीच घुमते आणि ताबडतोब बंद केली नाही तर जळते.

तिसरी तक्रार : मोटर बंदच होत नाही

येथे सारा निवाडा काट्यावर होतो. दोन शक्यता आहेत आणि दोहोंचा उपाय वेगळा आहे.

काटा कट-आउटच्या पुढे गेला आणि तरी मोटर चालू आहे: मेन स्विच ताबडतोब पाडा. दोष स्विचमध्ये आहे. पॉइंट वितळून एकमेकांना चिकटले असतील, किंवा तळाचे छिद्र गंज आणि तेलाच्या चिखलाने बुजले असेल. छिद्र बुजले तर टाकीत दाब कितीही असो, डायफ्रॅमला तो कळत नाही. हवा सोडून स्विच उतरवा आणि छिद्र तपासा. छिद्र मोकळे असेल आणि पॉइंट चिकटलेले असतील तर स्विच बदलण्याला पर्याय नाही.

काटा कट-आउटपर्यंत पोहोचतच नाही, ५-६ किलोवर रेंगाळतो: बहुधा स्विच निर्दोष आहे. यंत्र हवा कमी बनवते आहे किंवा बनलेली हवा कुठेतरी गळते आहे. हवेचा फिल्टर चोंदला, पट्टा सैल होऊन घसरतो, व्हॉल्व्ह प्लेट फुटली, रिंगा झिजल्या, होजपाइपचे जोड सुटले, यांपैकी काहीतरी असते. अशा वेळी मोटर लवकर थांबावी म्हणून स्विचची सेटिंग उतरवणे म्हणजे ताप उतरावा म्हणून थर्मामीटर बदलणे होय.

मात्र काट्यावरही आंधळा विश्वास ठेवू नका. पुष्कळ यंत्रांत काटा आणि स्विच एकाच जोडावर बसवलेले असतात. तो जोड बुजला तर काटाही कमी दाखवतो आणि स्विचही गप्प राहतो. काटा ५ किलो दाखवत असताना सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, तर सेफ्टी व्हॉल्व्हला दोष देण्यापूर्वी यंत्र थांबवा. बहुधा तोच खरे बोलतो आहे. टाकी रिकामी असताना काटा शून्यावर येतो का, हेही अधूनमधून पाहावे.

चौथी तक्रार : मोटर सारखी चालू-बंद होते

काम बंद असताना दर दोन-तीन मिनिटांनी मोटर उठत असेल तर आधी टाकीच्या तळाचा कॉक उघडा. २०० लिटरच्या टाकीत ५० लिटर पाणी साचले असेल तर हवेला जागा १५० लिटरचीच राहते. आपल्याकडे पावसाळ्यात हे फार लवकर होते. पाणी काढूनही तक्रार राहिली तर टाकीचा बाहेर जाणारा कॉक बंद करून पाहा. दाब टिकला तर गळती पुढच्या पाइपात आहे. तरीही उतरला तर गळती यंत्रावरच आहे. साबणाचे पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर लावा, बुडबुडे जागा दाखवतील.

स्विचखालून येणाऱ्या आवाजाची वेळही नीट ऐका:

मोटर थांबल्यावर दोन-चार सेकंद "फुस्स" : सर्व ठीक.

मोटर थांबल्यावर आवाज चालूच राहतो आणि काटा उतरतो : नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतो. टाकीतील हवा उलटी येऊन अनलोडरमधून बाहेर पडते. आवाज स्विचखालून येतो म्हणून लोक स्विच बदलतात आणि दुसऱ्या दिवशी तोच आवाज पुन्हा ऐकतात. व्हॉल्व्ह खोलून काजळी साफ करावी, बैठक झिजली असल्यास बदलावी.

मोटर चालू असताना आवाज येतो : अनलोडरचा व्हॉल्व्ह बसत नाही.

स्विचच्या अंगातूनच, झाकणाच्या फटीतून हवा येते : डायफ्रॅम फाटला. येथे मात्र स्विच खरोखर गेला.

सेटिंग करताना

बहुतेक स्विचांत दोन स्प्रिंगा असतात. मोठ्या स्प्रिंगचा स्क्रू उजवीकडे फिरवला की कट-इन आणि कट-आउट दोन्ही वाढतात. लहान स्प्रिंगने त्या दोहोंतील अंतर बदलते. हे अंतर साधारण २ किलो असावे. फार कमी ठेवले तर मोटर सारखी उठते आणि पॉइंट जळतात. फिरवण्यापूर्वी मूळ जागेवर खूण करा, वीज तोडून अर्धा फेराच फिरवा, झाकण लावा, यंत्र चालवून काटा पाहा. टाकीच्या पाटीवर लिहिलेला कमाल दाब ही लक्ष्मणरेषा आहे. कट-आउट त्याच्या खालीच राहिला पाहिजे आणि सेफ्टी व्हॉल्व्हही त्या दाबाच्या वर लावलेला नसावा.

"दाब वाढवला की हवा जास्त मिळते" हा समज चुकीचा आहे. पिस्टन जेवढी हवा ओढतो तेवढीच ओढतो. साध्या स्प्रे गनला २ ते ३.५ किलो पुरतात. मोटारीच्या टायरला ३० ते ३५ पौंड लागतात. ट्रकच्या टायरला १०० पौंडांच्या वर लागतात, म्हणून त्या दुकानाचे गणित वेगळे. पण केवळ रंगकाम करणाऱ्याने १० किलोवर यंत्र चालवणे म्हणजे वीज बिलात भर घालणे. ७ किलोच्या आसपास प्रत्येक जादा किलोमागे वीज साधारण ६ ते १० टक्के जास्त लागते. गरजेपुरता दाब ठेवला तर महिनाअखेर हिशेबात फरक दिसतो.

नवा स्विच घेताना

जुना स्विच सोबत न्या. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर असो वा आपल्या गावच्या हार्डवेअरच्या दुकानात, दुकानदाराला पाच गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: किती किलोला सुरू आणि किती किलोला बंद, सिंगल की थ्री फेज, मोटर किती हॉर्सपॉवरची, खालच्या आट्याचे माप आणि एक तोंड की चार तोंडे, अनलोडरची नळी किती मिलिमीटरची. अँपिअर कमी असलेला स्वस्त स्विच मोठ्या मोटरवर बसवला तर पॉइंट लवकर चिकटतात. थ्री फेज मोटरसाठी स्टार्टर वापरून प्रेशर स्विच त्याच्या कॉइलच्या सर्किटमध्ये घेणे चांगले. मग मोटरचा करंट स्टार्टरचे पॉइंट झेलतात आणि प्रेशर स्विच दीर्घकाळ टिकतो.

आट्यांवर टेप गुंडाळताना पहिला आटा मोकळा सोडा. टेपचा तुकडा आत गेला तर तोच बारीक छिद्र बुजवतो आणि नवा स्विच पहिल्याच दिवशी "खराब" निघतो. अर्थची तार जोडायला विसरू नका.

थेट तार जोडू नका

आता त्या मिस्त्रीकडे परत येऊ. तारा जोडून दिल्या, काट्यावर लक्ष ठेवायला पोऱ्याला सांगितले. पोरगा चहा आणायला गेला, गिऱ्हाईक आले, फोन वाजला. पंप मात्र थांबत नाही.

१० किलो दाबाला तळहाताएवढ्या, म्हणजे सुमारे १०० चौरस सेंटीमीटर जागेवर एक टन जोर पडतो. ४५ सेंटीमीटर व्यासाच्या टाकीच्या टोकावर तोच जोर सुमारे १६ टन होतो. टाकी आतून गंजते. तळाशी पाणी साचते तेथे पत्रा वर्षानुवर्षे पातळ होत जातो आणि बाहेरचा रंग मात्र तसाच चकचकीत दिसतो. अशी टाकी फुटली तर शेडमधल्या माणसांना पळायलाही वेळ मिळत नाही.

"सेफ्टी व्हॉल्व्ह आहे ना," असे उत्तर मिळते. तो किती वर्षांत उघडला आहे? गंजून बसला असेल तर तो असून नसल्यासारखाच. काही ठिकाणी तो गळतो म्हणून तेथे चक्क प्लग मारलेला आढळतो. स्विच हा पहिला पहारेकरी, सेफ्टी व्हॉल्व्ह दुसरा. दोघेही रजेवर असताना यंत्र चालवायचे नाही. एक दिवसाचे काम बुडाले तर ते भरून काढता येते. नड असेल तर शेजारच्या गॅरेजातून दिवसभरासाठी यंत्र मागून आणावे.

टाकी जुनी असेल तर जाणकार परीक्षकाकडून तिची पाण्याच्या दाबाने तपासणी करून घ्या. ही तपासणी हवेने करत नाहीत, कारण पाणी फारसे दाबले जात नाही आणि टाकी फुटली तरी स्फोट होत नाही. गळक्या टाकीवर वेल्डिंगचे ठिगळ मारून ती पुन्हा चालवू नये.

आठवड्याचे दहा मिनिटांचे काम

ज्यांचे दुकान शुक्रवारी बंद असते त्यांनी गुरुवारी संध्याकाळी, इतरांनी आपापल्या सुटीच्या आदल्या दिवशी, एवढे करावे. डोळे बाजूला ठेवून सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढावी. हवा जोरात सुटली पाहिजे आणि कडी सोडताच बंद झाली पाहिजे. कट-इन आणि कट-आउट काट्यावर पाहावेत. बंद होताना "फुस्स" आवाज येतो का ते ऐकावे. शेवटी टाकीतील पाणी काढावे. पाणी मात्र रोज काढले तर उत्तम.

आणखी एक गोष्ट आजच करा. यंत्र चांगले चालत असताना रिकामी टाकी कट-आउटपर्यंत भरायला किती मिनिटे लागतात ते घड्याळावर पाहून भिंतीवर लिहून ठेवा. पुढे कधी यंत्र थांबत नाही असे वाटले तर तीच वेळ पुन्हा मोजा. वेळ वाढली असेल तर दोष पंपात किंवा गळतीत आहे. वेळ तीच आणि मोटर थांबत नाही, तर स्विच पाहा. भिंतीवरचा तो आकडा पाहून मिस्त्रीलाही कळेल की या दुकानात अंदाजाने स्विच बदलला जात नाही.